नकलनविसाची चूक आणि आमचे बडोदे

स्कॉटलंडच्या पश्चिमेस समुद्रात विखुरलेल्या ज्या बेटांना आज सारे जग ‘हेब्रिडीज’ म्हणून ओळखते, त्यांच्या नावाचे हे रूप कोणा राजाने वा देवतेने दिलेले नसून एका नकलनविसाच्या चुकीतून आलेले आहे, हे वाचून मला प्रथम हसू आले. पण आपण स्वतः बडोद्यात राहतो याचे स्मरण होताच मी ते आवरले.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात प्लिनीने आपल्या लॅटिन ग्रंथात ही बेटे ‘हेबुडेस’ म्हणून नोंदवली. पुढे नक्कल उतरताना कोणीतरी त्यातले ‘यू’ हे एक अक्षर ‘आर’ आणि ‘आय’ अशी दोन अक्षरे समजून वाचले, आणि या हस्तदोषावर यथाकाल छापखान्याचे शिक्कामोर्तब झाले. रोमनांना जी बेटे पृथ्वीच्या उत्तर टोकाशी भासली, त्यांनाच नॉर्वेकडून आलेले दर्यावर्दी ‘दक्षिणेची बेटे’ म्हणत; आणि हेच दर्यावर्दी तेथे ठाण मांडून बसल्यामुळे गेलिक भाषेत त्या मुलखाला ‘परकीयांची बेटे’ हे नाव पडले! ऑर्केडीस, म्हणजे आजच्या ऑर्कनी बेटांच्या नावात विद्वानांना केल्टिक भाषेतले डुकराचे पिल्लू दिसते, तर नॉर्वेकरांना त्यात आपल्याकडचा सील ऐकू आला. ही बेटे प्लिनी ४० सांगतो, रोमन भूगोलकार मेला ३०. तेव्हा नावाचे सोडाच, गणतीचाही मेळ नाही.

आमचे दफ्तर याहून स्वच्छ आहे असे नाही. राष्ट्रकूट कर्कराजाच्या इ. स. ८१२च्या ताम्रपटात ‘वटपद्रक’ हे गाव एका ब्राह्मणास दान दिल्याचा दाखला आहे. त्या काळी ते अंकोट्टक, म्हणजे आजचे अकोटा, या चौऱ्यांशी गावांच्या विभागातले एक सामान्य खेडे होते. लोकांच्या मुखी त्याचे वडोदरा झाले, इंग्रजांच्या लेखणीत ‘बरोडा’, आणि गायकवाडी अंमलात आम्हा मराठी माणसांच्या तोंडी ‘बडोदे’. शेजारच्या भृगुकच्छाचे, अर्थात भडोचचे, ग्रीक व्यापाऱ्यांनी ‘बारिगाझा’ केले होते, त्या मानाने आमची सुटका स्वस्तातच झाली म्हणायची.

१९७४ साली ‘बरोडा’ जाऊन सरकारी व्यवहारात ‘वडोदरा’ कायम झाले, आणि तो हुकूम मला रास्तच वाटतो. मात्र त्याला मूळ नावाची पुनःस्थापना म्हणणे मला पटत नाही, कारण मूळच गाठायचे तर वटपद्रकापर्यंत जावे लागेल, आणि तेही कदाचित दानपत्र लिहिणाऱ्याने बोलीतल्या शब्दावर चढवलेले संस्कृत उपरणेच असेल.

विद्यापीठाच्या इंग्रजी नावात ‘बरोडा’ अजून आहे, आणि आमच्या दांडिया बाजारातल्या मराठी घरांत पाकिटावर ‘वडोदरा’ लिहून आतल्या पत्रात विचारतात, “बडोद्याला कधी येता?”