घेणारे आणि थांबणारे

अमेरिकेत दर जानेवारीत बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’चा निकाल लागतो आणि त्याच्या आगेमागे एक ठरलेला वाद नव्याने पेटतो. न्यूयॉर्क राज्यातल्या कूपरस्टाउन या छोट्या गावात हे दालन आहे. बेसबॉल लेखकांच्या संघटनेत ७५ टक्के मते मिळाली की खेळाडूच्या नावाची पाटी तिथे लागते. बॅरी बाँड्सच्या नावावर ७६२ होमरन आहेत, तेवढे मेजर लीगमध्ये आजवर कोणाचेच नाहीत. २०२२ मध्ये, दहाव्या आणि शेवटच्या संधीत, त्याला ६६ टक्के मते पडली. चेंडू टाकणाऱ्या (पिचर) रॉजर क्लेमेन्सचेही तेच झाले. पुढे ज्येष्ठांच्या समितीनेही दोघांना दाराबाहेरच ठेवले. कारण उघड आहे: उत्तेजके.

मग कोणीतरी विचारतो, की जुन्या पिढीतले बेब रूथ, मिकी मँटल, हँक ॲरन, सँडी कोफॅक्स आज खेळत असते, तर त्यांनी तरी उत्तेजकांना हात लावला नसता का?

प्रश्न टाकाऊ नाही. उत्तरे मात्र इतकी तयार असतात की विचार करायला जागाच उरत नाही. जुनी पिढी निर्मळ होती असे म्हणणाऱ्यांनी १८८९ साल आठवावे. पिट्सबर्गच्या पड गॅल्विन या पिचरने त्या वर्षी प्राण्यांच्या वृषणांचा अर्क टोचून घेतला, आणि वर्तमानपत्राने त्याचे कौतुक केले. त्याची पाटी १९६५ पासून कूपरस्टाउनमध्ये आहे. दुसरीकडे, सगळेच खुले करून टाका म्हणणाऱ्यांनी संघात जागा मिळावी म्हणून धडपडणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाचा विचार केलेला नसतो. या दोन्ही मतांवर मला अधिक वेळ घालवायचा नाही.

तिसरे उत्तर मात्र मला छळते, कारण ते शहाणपणाचा आव आणून येते. ते असे: संधी मिळती तर त्यांनीही घेतलेच असते, फरक माणसात नाही, रसायनशास्त्राच्या प्रगतीत आहे, तेव्हा ॲरन आणि बाँड्स यांना वेगवेगळ्या मापाने मोजणे हा ढोंगीपणा आहे.

या मताच्या बाजूने पुरावा नाही असे नाही. जिम बाउटन या पिचरने १९७० मध्ये ‘बॉल फोर’ लिहून क्लबहाउसमधल्या ‘ग्रीनीज’ चव्हाट्यावर आणल्या. ग्रीनीज म्हणजे अँफेटामाइनच्या हिरव्या गोळ्या. हंगामात १६२ सामने, रात्रीचा सामना संपवून विमान, दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा मैदान. थकलेल्या शरीराला उभे करायला ही गोळी हाताशी असे. १९८५ मध्ये पिट्सबर्गच्या न्यायालयात एका माजी खेळाडूने साक्ष दिली, की विली मेज या दिग्गज खेळाडूच्या लॉकरमध्ये उत्तेजक द्रव असे. मेजने ते नाकारले. माइक श्मिटने २००५ मध्ये सांगितले, की तो नव्वदच्या दशकात खेळत असता तर त्यानेही बहुधा स्टेरॉइड घेतले असते. इतक्या मोठ्या खेळाडूने आपल्याविषयी असे बोलावे हे मला मोलाचे वाटते. पण ती एका माणसाने स्वतःपुरती दिलेली प्रामाणिक कबुली आहे. त्याने ती ॲरनच्या वतीने दिलेली नाही, आणि कोफॅक्सच्या वतीने तर नाहीच.

त्याहून मोठी अडचण अशी, की ‘संधी मिळती तर’ हा या मताचा पायाच कच्चा आहे. संधी होती. डायनाबॉल हे स्टेरॉइड अमेरिकेच्या बाजारात १९५८ पासून मिळत होते आणि तिथल्या वजन उचलणाऱ्यांना ते चांगले ठाऊक होते. अटलांटाचा पिचर टॉम हाउस याने पुढे कबूल केले, की साठ-सत्तरच्या दशकांत त्याने आणि इतरही पिचरांनी स्टेरॉइड वापरून पाहिली होती. ८ एप्रिल १९७४ रोजी ॲरनने कारकिर्दीतला ७१५वा होमरन मारून रूथचा विक्रम मोडला, तेव्हा तो चेंडू कुंपणापलीकडे बुलपेनमध्ये (पिचरांच्या सरावाच्या जागेत) ज्याने झेलला तो हाच टॉम हाउस. स्टेरॉइड घेतल्याचे स्वतः सांगणारा माणूस ॲरनच्या संघातच होता. ॲरनने ती घेतल्याचा कसलाही पुरावा नाही. मग संधी नव्हती असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

यावर कोणी म्हणेल, की तेव्हा स्नायू फुगले तर बॅट जड चालते अशी समजूत होती, म्हणून लोक दूर राहिले. त्यात नीतीचा काय संबंध? मान्य. त्या पिढीच्या अंगी आपल्यापेक्षा जास्त सद्गुण होते असे मी म्हणतच नाही. मी एवढेच म्हणतो, की ‘घेतले असते का’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा त्या काळाबद्दल सांगते, माणसाबद्दल फारच थोडे. आजूबाजूला काय आहे, डॉक्टर काय देतो, शेजारचा काय गिळतो, पकडले जाण्याची भीती किती, यावर घेणे ठरते. २००६ च्या हंगामापासून बेसबॉलने अँफेटामाइनवर बंदी आणली. पुढच्याच वर्षी लक्ष न लागण्याच्या विकारासाठी औषधाची परवानगी मिळालेले खेळाडू २८ वरून १०३ वर गेले. तेवढ्यात रोगाची साथ आली नव्हती. माणसे तीच होती, फक्त नियम बदलला होता.

उपचारासाठी घेतलेले औषध वेगळे आणि ताकद वाढवायला घेतलेले वेगळे, ही लोकप्रिय विभागणीही इथे उपयोगाची नाही. १९९८ मध्ये ७० होमरन मारणाऱ्या मार्क मॅग्वायरने २०१० मध्ये स्टेरॉइडची कबुली दिली, तीही दुखापतींतून बरे होण्यासाठी घेतली अशीच.

माझ्या मते माणूस कळतो तो थांबण्यात. ज्याच्याकडे औषध आहे, ज्याला ते लागू पडते आहे, ज्याच्या कीर्तीचा आणि पैशाचा ओघ त्यावर चालला आहे, तो कुठे थांबतो? आणि इथे आपल्याला कल्पनेचे घोडे दामटावे लागत नाहीत, कारण सँडी कोफॅक्सचे उदाहरण समोर आहे.

लॉस एंजेलिस डॉजर्सचा हा डावखुरा पिचर. त्याच्या डाव्या कोपराला संधिवात होता. सामन्याआधी दंडाला आणि पाठीला कॅप्सोलिन नावाचा मिरचीच्या अर्काचा जळजळीत मलम चोळायचा, पोटात कोडीन आणि ब्युटाझोलिडिन, सांध्यात कॉर्टिझोनची सुई. सामना संपला की कोपर बर्फाच्या पाण्यात. कातडी गारठून जखमी होऊ नये म्हणून हातावर टायरच्या ट्यूबचे रबर चढवलेले. ब्युटाझोलिडिन हे औषध घोड्यांनाही देत. १९६८ मध्ये केंटकी डर्बी जिंकलेल्या घोड्याच्या चाचणीत तेच सापडले आणि त्याचे विजेतेपद काढून घेतले गेले. ज्या गोळीवर घोडा बाद ठरला, तीच गोळी त्या काळी पिचरला राजरोस मिळत होती.

या अवस्थेत कोफॅक्सने १९६६ चा हंगाम खेळला. २७ विजय, ३१७ स्ट्राइकआउट आणि सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार तिसऱ्यांदा. त्याच वर्षी नोव्हेंबरात पत्रकारांना बोलावून त्याने निवृत्ती जाहीर केली. वय ३०. कारण त्याने आडपडदा न ठेवता सांगितले: इंजेक्शने फार झाली, गोळ्या फार झाल्या, बेसबॉल संपल्यावर पुष्कळ आयुष्य उरते आणि ते धड शरीराने जगायचे आहे. औषध कायदेशीर होते, डॉक्टर देत होता, संघाला तो हवाच होता आणि तो जिंकत होता. थांबण्याची सक्ती त्याच्यावर कोणाचीही नव्हती.

हा त्याग नव्हे, हा स्वतःच्या हाताचा हिशेब होता, असे कोणी म्हणाले तर मी वाद घालणार नाही. पण आज असता तर त्याने ग्रोथ हार्मोन घेतलेच असते असे बेधडक सांगणाऱ्यांना मला विचारायचे आहे: खेळ चालू ठेवणारे औषध त्याच्या हातात होते आणि ते त्याने खाली ठेवले, त्याहून आणखी कोणता पुरावा तुम्हाला हवा आहे?

ॲरननेही आत्मचरित्रात लिहिले आहे, की १९६८ मध्ये वैतागाच्या भरात त्याने एक ग्रीनी घेतली, हृदयविकाराचा झटका येतोय असे वाटले आणि पुन्हा तो त्या वाटेला गेला नाही. मात्र ॲरन आणि कोफॅक्स यांच्या थांबण्यातही मला फरक करावा लागतो. भीतीने थांबणे, पकडले गेल्यावर थांबणे, औषधाचा गुण येईनासा झाल्यावर थांबणे एका जातीचे. औषध कामाला येत असताना थांबणे दुसऱ्या जातीचे, आणि ते फार दुर्मीळ. मँटलकडे ते बळ होते असे मला वाटत नाही. १९६१ मध्ये संघातल्या रॉजर मॅरिससोबत तो रूथच्या एका हंगामातल्या ६० होमरनांचा पाठलाग करत होता. अखेरीस आजारपण मोडून काढायला एका डॉक्टरची सुई घेतली, ती नितंबात चिघळली आणि तो स्पर्धेतून बाहेर पडला. मँटल आज असता तर त्याने घेतले असते, असा माझा कौल आहे. त्याचा खेळ मला प्रिय असूनही.

आता बाँड्स. १९९८ अखेरपर्यंत त्याच्या खात्यात ४११ होमरन आणि सर्वोत्तम खेळाडूचे ३ पुरस्कार होते. तिथेच निवृत्त झाला असता तरी कूपरस्टाउन नक्की होते. दोन पत्रकारांनी २००६ मध्ये पुस्तक लिहून दाखवले, की त्यानंतर तो उत्तेजकांकडे वळला. त्याचे म्हणणे, की त्याने जाणूनबुजून काही घेतले नाही. ग्रँड ज्युरीपुढे त्याने सांगितले, की ते जवसाचे तेल आणि सांधेदुखीचा मलम आहे असे त्याला वाटले. न्यायात अडथळा आणल्याबद्दल त्याला दोषी ठरवणारा निकालही २०१५ मध्ये रद्द झाला. हे सगळे नोंदवून ठेवू. तरी त्याच्या नावाशी जोडले गेलेले ‘क्लिअर’ हे रसायन चाचणीत सापडू नये म्हणूनच बनवलेले होते. वयाच्या ३६व्या वर्षी कोफॅक्स हॉल ऑफ फेममध्ये निवडला गेला. त्याच वयात बाँड्सने ७३ होमरनांचा हंगाम सुरू केला आणि तिथून सलग ४ वर्षे सर्वोत्तम ठरला.

बाँड्सची पाटी लावायची तर लावा. त्याच्या बॅटीची जादू १९९८ पूर्वीही होतीच, आणि ती नाकारणारा मी नाही. पण त्याच्या वकिलांनी मते मागायची ती त्याच्या स्वतःच्या होमरनांवर मागावीत. ॲरनच्या एका गोळीवर आणि कोफॅक्सच्या कोपरावर मागू नयेत.