आधाराचा गुण : खडपावरची लाट आणि उभ्याने वल्हवायची फळी

साधन निवडताना माणूस नेमके काय निवडतो, हा प्रश्न धर्मचिंतनात फार जुना आहे. साध्य एकदा ठरले की साधनाची निवड हा निव्वळ हिशेब उरतो, असे एक मत आहे. तर साधन हे साधकाच्या योग्यतेशी बांधलेले असल्यामुळे त्याची निवड म्हणजे मुळात स्वतःची पारख होय, असे दुसरे मत आहे, आणि भारतीय परंपरेतील अधिकारविचार, म्हणजे कोणता साधक कोणत्या साधनाला पात्र आहे याचा विचार, या दुसऱ्या मतावर उभा आहे. हा वाद बहुधा कर्म, ज्ञान आणि भक्ती यांच्याच संदर्भात चालत आल्यामुळे त्यातील शब्द वापरून वापरून गुळगुळीत झाले असून ‘आधार’, ‘स्थैर्य’, ‘अधिकार’ हे शब्द आता कोणत्याही प्रवचनात बिनबोभाट बसतात. अशा शब्दांना मोजता येईल अशा एखाद्या वस्तूवर घासून पाहणे उपयोगी ठरते. खडपावर, म्हणजे पाण्याखालच्या प्रवाळाच्या किंवा लाव्हाच्या खडकावर, वेगाने फुटणाऱ्या लाटेसाठी स्टँडअप पॅडलबोर्ड, म्हणजे उभे राहून एका लांब वल्ह्याने हाकायची फळी, कशी निवडावी हा प्रश्न या कामाला विशेष सोयीचा आहे, कारण त्यात चुकीच्या उत्तराची शिक्षा पुढच्या जन्मापर्यंत थांबत नाही.

उदाहरण खेळातले असले तरी ते धर्मविचाराला परके नाही. ही फळी ज्या हवाई बेटांतून जगभर गेली, तेथे लाटेवरून घसरत येण्याला ‘हे-ए नालू’ म्हणत आणि फळीसाठी झाड तोडणे हा विधीचा भाग असे. 1896 सालच्या एका हवाईयन वार्षिकात, कोना भागातील एका स्थानिक माणसाच्या माहितीवरून छापलेल्या वर्णनानुसार, झाड निवडल्यावर ‘कुमू’ नावाचा तांबडा मासा त्याच्या बुंध्याशी ठेवला जाई, मग झाड तोडले जाई, आणि मुळाशी खड्डा खणून प्रार्थनेसह तो मासा त्यात ठेवला जाई. हे अर्पण झाडाचा मोबदला म्हणून होते. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत मूर्तीसाठी लाकूड आणण्याचा जो विधी सांगितला आहे, तो याच्याशी ताडून पाहण्याजोगा आहे. तेथेही झाडाची पूजा आहे, बली आहे. परंतु झाडावर वसणाऱ्या भूतांना दुसरीकडे राहायला जाण्याची विनंती केली जाते. एका विधीत किंमत चुकती होते, दुसऱ्यात रहिवाशांची समजूत काढली जाते. दोन्हींत गृहीत मात्र एकच आहे, की ज्यावर माणूस भार टाकणार ती वस्तू त्याच्या मालकीची होण्याआधी कोणाची तरी असते. आजची फळी थर्मोकोलच्या जातीच्या हलक्या फोमची असते, तिच्यावर काचतंतू किंवा कार्बन यांचे कापड इपॉक्सी राळेत बसवलेले असते आणि तिची किंमत लाखाच्या घरात जाते. ती घेताना द्यावा लागणारा मोबदला पैशात मोजला जातो, आणि निवडीचा विधी दुकानातल्या आकड्यांपाशी येऊन थांबतो. ते आकडे तुच्छ मानण्याचे मात्र कारण नाही.

प्रथम लाट पाहावी लागते. दूरच्या वादळातून निघालेल्या, पंधरा सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या लाटांची खोल समुद्रातील तरंगलांबी सुमारे 350 मीटर असते, आणि पाण्याची खोली तिच्या निम्म्याहून कमी झाली की लाटेला तळ जाणवू लागतो. कोकणासमोरची समुद्रबूड जमीन, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, मुंबईच्या बाजूला दोनशे किलोमीटरांहून अधिक रुंद असल्यामुळे तेथे अशी लाट दीर्घकाळ तळाशी घासत, आपले बळ थोडे थोडे गमावत येते. हवाई आणि ताहिती ही ज्वालामुखी बेटे असून त्यांना असा रुंद उंबरठाच नाही. 2024 च्या ऑलिंपिकमधील सर्फिंग ताहितीतील ज्या टेआहूपो येथे झाले, तेथे खोल समुद्र प्रवाळाच्या कडेला जवळजवळ येऊन भिडतो. त्यामुळे लाटेला बातमी उशिरा लागते, तिचा पाया एकदम अडतो, माथा मात्र आपल्या जुन्या वेगाने पुढे झेपावतो आणि उतार न राहता भिंत तयार होते. साधारणतः लाटेची उंची पाण्याच्या खोलीच्या आठ-दशांशापर्यंत पोचली की ती फुटते. म्हणजे दोन मीटरांची लाट जेथे फुटते, तेथे खाली खडक अडीच मीटरांवर असतो, आणि लाटेपुढचे पाणी तिनेच ओढून घेतलेले असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहूनही वर.

अशा लाटेला ‘वेगवान’ म्हणतात ते ती किनाऱ्याकडे फार जोरात धावते म्हणून नव्हे. अडीच मीटर खोल पाण्यात लाटेची पुढची चाल सेकंदाला सुमारे पाच मीटरच असते. वेग असतो तो आडवा, म्हणजे फुटण्याची क्रिया माथ्यावरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ज्या गतीने सरकते तिचा. तिरकस फुटणाऱ्या लाटेत हा तिरकसपणा 45 अंशांचा असेल, तर फुटत्या पाण्याच्या पुढे राहण्यासाठी स्वाराला सेकंदाला सात मीटर, म्हणजे ताशी पंचवीस किलोमीटर चालावे लागते. लाटेचा माथा एकदमच कोसळण्याच्या जितका जवळ जातो, तितकी ही मागणी वाढत जाते.

आता फळी. फळीचे घनफळ लिटरमध्ये सांगतात आणि समुद्राचे एक लिटर पाणी सुमारे 1.025 किलो भार पेलते. पंचाहत्तर किलोचा माणूस आठ किलोच्या फळीवर उभा राहिला, तर नुसते बुडू नये म्हणून 81 लिटर लागतात. 130 लिटरच्या फळीवर तो कोरड्या पायांनी उभा राहतो. 95 लिटरच्या फळीवर जेमतेम राहतो. रुंदीचेही तसेच: 32 इंची फळी नवशिक्याला क्षमा करते, 27 इंची फळी प्रत्येक श्वासागणिक डुलते. इथपर्यंत निवड सोपी वाटते, आणि येथेच ती फसते. उभ्या भिंतीवर पाणी तळातून वर चढत असते. शेपटीकडे रुंद असलेल्या फळीला ते उचलते, तिची कड पाण्यात रुतत नाही आणि फळी आडवी घसरते. निमुळती शेपटी पाण्यात बसते आणि धरून ठेवते. पुढचे टोक सपाट असेल तर संथ पाण्यात ते वल्ह्याला चांगली साथ देते, पण भिंतीवरून उतरताना पाण्यात घुसते. म्हणून फळीला टोकाकडे वर वळलेला बाक, ज्याला रॉकर म्हणतात, तो हवा, आणि तोच बाक वल्हवताना पाणी ढकलत राहून स्वाराला मागे ओढतो. जाड, गोल कडा तरंगायला बऱ्या, पातळ कडा वळायला. म्हणूनच जाणकार अशा लाटेसाठी फळी अगदी आखूड घेत नाहीत, कारण लाट लवकर पकडण्यासाठी लांबी लागते; ती निमुळती, बारीक कडांची आणि बाकदार घेतात, आणि तळाला अनेकदा मधले फिन वगळून चार फिन, म्हणजे दिशा धरून ठेवणारे पर, लावतात.

या तपशिलातून निघणारी गोष्ट तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने साधी नाही. लाटेची वाट पाहताना जो फळीचा गुण असतो, नेमका तोच लाटेवर तिचा दोष होतो. आणि ती एकच फळी घेऊन स्वाराला दोन्ही अवस्थांतून जावे लागते. आधाराचे गुण आधारात कायमचे वसत नाहीत, ते त्यावर उभ्या असलेल्याच्या अवस्थेबरोबर पालटतात. साधनमार्गांच्या चर्चेत स्थैर्याची जी एकतर्फी स्तुती ऐकू येते, तिच्यात ही गोष्ट सहसा निसटते: मनाला निवांत ठेवणारा नेम संकटाच्या कड्यावर माणसाला वळूही देत नाही, हे अनेकांच्या आयुष्यात घडते आणि त्याचे खापर नेमाच्या अभावावर फोडले जाते.

ॲरिस्टॉटलने निकोमॅकियन एथिक्समध्ये मध्यममार्गाची चर्चा करताना वस्तूतील मध्य आणि आपल्या सापेक्ष असलेला मध्य असा भेद केला आहे. दहा मापे अन्न फार आणि दोन थोडे, म्हणून सहा मापे प्रत्येकाला योग्य, असे प्रशिक्षक म्हणणार नाही; मायलो या मल्लाला सहा अपुरी पडतील, तर नुकत्याच आखाड्यात उतरलेल्याला ती जड होतील. लिटर आणि किलो यांच्या गुणोत्तराला हा भेद चपखल लागू पडतो, परंतु एक पाऊल कमी पडतो, कारण ॲरिस्टॉटलच्या उदाहरणात मायलोला आपण मायलो आहोत हे ठाऊक असते. फळी निवडणाऱ्याला आपण कोण आहोत हे ठाऊक नसते, आणि त्याची खरी अडचण तीच असते. कठोपनिषदातील श्रेय आणि प्रेय यांचा भेद, म्हणजे हितकर आणि नुसते आवडते यांतील भेद, येथे वापरायचा झाला तर प्रेयाला दोन तोंडे आहेत हे लक्षात घ्यावे लागते. भित्र्याचे प्रेय रुंद फळी असते. प्रौढी मिरवणाऱ्याचे प्रेय अरुंद फळी असते, आणि दुसरा हा पहिल्यापेक्षा अधिक फसवा असतो, कारण त्याची निवड बाहेरून श्रेयासारखीच दिसते. म्हणून कोणती फळी, या प्रश्नाच्या आधी ही लाट आपली आहे का, हा प्रश्न येतो, आणि अधिकारविचार प्रामाणिक असेल तर त्याचे उत्तर पुष्कळदा कोणतीच फळी नाही, असे निघते.

अधिकार हा शब्द मात्र मराठी वाचकासमोर इतक्या निश्चिंतपणे ठेवता येत नाही. शूद्राला धर्मार्थ सांगण्याचा अधिकार नाही या आक्षेपावरून तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्याची आणि त्या तरल्याची कथा ज्या समाजात सांगितली जाते, तेथे अधिकारभेद म्हटले की योग्यता आधी आठवत नाही, जन्म आठवतो. हवाईतही हेच झाले होते. वजनाला हलक्या विलिविली लाकडाची ‘ओलो’ ही अतिलांब फळी सरदारांसाठी राखीव असे, आणि ‘कापू’ या निषेधव्यवस्थेचा धाक 1819 मध्ये राजघराण्यानेच ती मोडेपर्यंत टिकून होता. खडपाला जन्म कळत नाही, हे खरे. परंतु तेवढ्यावरून समुद्र सर्वांना समान आहे असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल, कारण त्या खडपापर्यंत जाण्याचा खर्च आणि ती लाट ओळखण्यासाठी लागणारी वर्षे कोणाच्या वाट्याला येतात, याचा निर्णय समुद्राच्या बराच अलीकडे होतो.

बौद्ध परंपरेतील तराफ्याचा दृष्टान्तही येथे तपासून घेण्यासारखा आहे. मज्झिम निकायातील अलगद्दूपम सुत्तात, पैलतीर गाठल्यावर तराफा डोक्यावर घेऊन चालणाऱ्या माणसाचे उदाहरण देऊन, धर्म तरून जाण्यासाठी आहे, धरून बसण्यासाठी नाही, हे समजावले आहे. फळीचा स्वार मात्र पैलतीराला जात नाही. तो लाट संपली की वळून पुन्हा आत, जेथून आला तेथेच जातो, आणि त्याची फळी दोरीने त्याच्या घोट्याला बांधलेली असते, कारण सुटलेली फळी मागून येणाऱ्याच्या डोक्यावर बसू शकते. येथे त्याग हा बेजबाबदारपणा ठरतो. आसक्ती आणि दायित्व यांतील सीमा तराफ्याच्या दृष्टान्तात दिसत नाही, कारण त्या नदीत तो माणूस एकटाच आहे.

मग अरुंद, कमी घनफळाच्या फळीवर माणूस वाट पाहत उभा तरी कसा राहतो? याचे उत्तर फळीत सापडत नाही, ते वल्ह्यात आहे. झोपून हातांनी पाणी मारणाऱ्या सर्फरला फळीवर बसून विसावता येते. उभ्याने वल्हवणारा, वल्ह्याची पात सतत पाण्यात ठेवून, कधी पुढे ओढत तर कधी नुसती दाबत, आपला तोल क्षणोक्षणी नव्याने करत असतो. कोकणातील लहान होड्यांना एका बाजूने जोडलेली उलांडी, म्हणजे होडी कलू नये म्हणून पाण्यावर टेकणारे आडवे लाकूड, हेच काम करते. फरक एवढा, की उलांडी एकदा बांधली की बांधली जाते, आणि वल्ह्याची उलांडी प्रत्येक वेळी हातांनी रचावी लागते. या अर्थाने स्थैर्य ही वस्तूकडून मिळालेली मालमत्ता राहत नाही, ती चालू असेपर्यंतच असणारी क्रिया होते. आणि फळी निवडणारा माणूस आपण ही क्रिया किती वेळ, किती थकल्यावरही, चालू ठेवू शकतो याचा अंदाज बांधत असतो.

खडपाच्या बाहेर, लाटांच्या दोन झुंडींच्या मधल्या शांत पाण्यात, अशा फळीवर उभा असलेला स्वार किनाऱ्यावरून पाहिला तर पाण्यावरच उभा असल्यासारखा दिसतो, कारण त्याच्या भाराखाली फळी पृष्ठभागाखाली गेलेली असते आणि पाणी त्याच्या घोट्यांपर्यंत येते. क्षितिजावर काळी रेघ उठली की तो वळतो, दोन-चार जोराची वल्ही मारतो, आणि वेग येऊ लागतो तशी फळी पाण्यातून वर येते.