वाकळीला कात्री

अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचे जाड, दुहेरी वस्त्र. दासोपंतांनी (१५५१–१६१५) सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर ‘पंचीकरण’ लिहिले, आणि पांघरुणाचे नाव ग्रंथाला मिळाले. आता ती पासोडी थंडीत अंगावर घेण्याचा विचारही कोणी करणार नाही. वस्तूचे काम बदलण्याचा हा अधिकार दासोपंतांसारख्यांचाच, की साध्या वारसाचाही?

प्रश्न माझ्यापुढे आला तो आईच्या वाकळीमुळे. वाकळ मधोमध विरली होती, कडा मात्र धड होत्या. दसरा झाला की आमच्या बीड जिल्ह्यातली बिऱ्हाडे ऊसतोडीला निघतात. पोरे बरोबर जातात आणि फडाजवळच्या कोपीत थंडीचे दिवस काढतात. चांगल्या भागांच्या दोन लहान वाकळी करून अशा एका घरी द्याव्यात, असे माझ्या मनात आले. आक्का म्हणाली, “आईचा हात फिरलाय तिच्यावर. तिला तू कात्री लावणार?”

बौद्धांच्या विनयपिटकात उदयन राजा आनंदाला विचारतो, की एवढ्या वस्त्रांचे तुम्ही काय करता? आनंद सांगतो, जुन्या चिवरांच्या चादरी होतात, चादरींचे गादीचे अभ्रे, मग बिछायत, पायपुसणे, फडके. शेवटी ती फडकी कुटून चिखलात मळतात आणि भुई सारवतात. हिशेब चोख आहे. पण भिक्षूला चिवर कोणाच्या हातचे, याची ओढ नसते. आक्काला ती आहे, आणि तिला भाबडेपणा म्हणून उडवून लावणे मला जमत नाही.

तरी वाकळीकडे नीट पाहावे. तिच्यात आजीचे लुगडे आहे, वडिलांचे धोतर आहे, माझ्या सदऱ्याची पाठही आहे. ही सारी कापडे आईनेच फाडली होती. तेव्हा आजीचे लुगडे पेटीत जपून ठेवा, असे कोणी म्हटले नाही; घरात थंडी वाजत होती. कापड आईचे नव्हतेच. तिचे होते ते टाके. आणि खरी अडचण इथेच आहे: धावदोऱ्याचे शिवण मधे कापले की कापल्या कडेपासून उसवत जाते. नुसती कात्री लावून देऊन टाकले, तर माघातच त्या पोरांच्या अंगावर चिंध्या उरतील, आणि आईचे जे होते तेवढेच नेमके जाईल. कापणाऱ्याने कडेला गोट घालून पुन्हा शिवायला बसले पाहिजे. शाळामास्तराच्या बोटांना ते काम जड जाते, पण त्याखेरीज मला कात्री हातात घेण्याचा हक्क दिसेना.

हे मी आक्काला सांगितले. ती बराच वेळ बोलली नाही. मग गोटासाठी तिने स्वतःचे एक जुने लुगडे काढून दिले. ते गर्द निळे आहे. वाकळीच्या रंगाशी मुळीच जुळत नाही.