पत्रावळीचा धनी कोण?

आषाढीच्या वाटेवर माउलींची पालखी वाल्ह्यासारख्या लहान गावी मुक्कामाला येते, तेव्हा गावच्या वस्तीच्या कितीतरी पट माणसं एका रात्रीत तिथं जेवतात, झोपतात, पहाटे उठून पुढच्या वाटेला लागतात. मागे काय उरतं ते वावराच्या बांधावर दिसतं. पाण्याच्या बाटल्या, चकचकीत अस्तराचे द्रोण, त्यात अर्धा खाल्लेला शिरा.

याचं खापर वारकऱ्यावर फोडणं मला अन्यायाचं वाटतं. हैबतबाबांनी एकोणिसाव्या शतकात पालखी सोहळ्याला लावून दिलेली शिस्त अजून टिकून आहे. दिंडीला नंबर असतो, रथापुढे चालायचं की मागे हे ठरलेलं असतं, विणेकरी असतो. जेवणाची भिशी भरलेला वारकरी दिंडीच्याच पंगतीला बसतो. तिथं उष्टं कुठे टाकलं, हे विचारायला निदान कुणी सापडतं.

कचरा वाढतो तो दानातून. रस्त्याकडेला मांडव, फ्लेक्स, बिस्किटांचे पुडे, राजगिऱ्याचे लाडू. पोट भरलेल्या म्हातारीच्या हातातही पुन्हा पोह्यांची डिश ठेवली जाते. प्रसादाला नाही कसं म्हणायचं, म्हणून ती घेते आणि चार पावलांवर कडेला ठेवून देते. दाता संध्याकाळी मांडव उतरवून घरी जातो. पुण्य त्याच्या पदरी, पत्रावळी गावाच्या.

वारकरी बदलायला तयार असतो, हे ‘निर्मल वारी’ या स्वच्छतेच्या उपक्रमानं दाखवून दिलं. मुक्कामाच्या गावी फिरती शौचालयं उभी राहिली, पहाटेच्या अंधारात स्वयंसेवक शिट्ट्या वाजवत वाट दाखवू लागले आणि लोक तिकडे वळले. आडोसा शोधत फिरणाऱ्या बायकांना तर केवढा दिलासा! पंढरपुरातही चंद्रभागेच्या वाळवंटातल्या राहुट्या हलवून 65 एकरांत तळ दिला, तोही वारकऱ्यांनी स्वीकारला. सोय आधी झाली, सवय मागून आली.

दात्याला मात्र कुणी फारसं विचारत नाही. पिशवीत तांब्या असलेल्या माणसाला बाटली कशाला? नळाचा टँकर उभा करा. गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली, भुकेल्याला जेवू घातलं आणि खराटाही स्वतःच्या हातात ठेवला. अन्नछत्र घालणाऱ्या मंडळाला परवानगी देताना ग्रामपंचायतीनं एवढीच अट घालावी: पालखी हलल्यावर मंडळाची माणसं सकाळी झाडायला थांबतील. ती मजुरीवर आणलेली नसावीत. फ्लेक्सवर ज्यांचे फोटो आहेत, तीच असावीत.