आधी विचारावे, मग सेवा करावी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो,

श्रीगुरुचरित्राच्या दुसऱ्या अध्यायातील दीपकाची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. वेदधर्म गुरूंनी आपले उरलेले पाप काशीक्षेत्री भोगून संपवायचे ठरवले. २१ वर्षांचा भोग. अंगावर कुष्ठ, दृष्टी गेलेली. सोबत गेला एकटा दीपक. जखमा धुवाव्यात, भिक्षा आणावी, वर गुरूंचे बोल खावेत. ही कथा मी प्रवचनातून कितीदा तरी सांगितली. पण ती मला कळली ती माझ्याच घरात, आणि फार उशिरा.

आमच्या अण्णांचे डोळे काचबिंदूने गेले. पुढे कानही गेले. यंत्र लावूनही शब्द उमजेना. मी सेवेत कसूर करीत नव्हतो. आंघोळ, जेवण, औषध, सगळं वेळेवर. पण अण्णा हात झटकायचे, घास थुंकायचे. मी मनात म्हणे, दीपकानेही बोलणी खाल्लीच की! आणि त्यातच मोठेपणा मानी.

एक दिवस त्यांचा सदरा काढायला गेलो, तर त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. घाबऱ्या आवाजात म्हणाले, "कोण आहे? कोण आहे रे?" "अण्णा, मी!" असं मी ओरडलो. ते शेजाऱ्यांनी ऐकलं, अण्णांनी नाही.

त्या रात्री पुन्हा दुसरा अध्याय काढला. विश्वेश्वर प्रसन्न होऊन 'वर माग' म्हणतात, तेव्हा दीपक गुरूंचा रोग जावा असं परस्पर मागत नाही. आधी गुरूंना विचारायला जातो. गुरू नको म्हणाले, तर देवालाही नको म्हणून सांगतो. साक्षात देव समोर उभा असताना तो विचारायला गेला! आणि मी? घास तोंडाशी नेण्याआधी अण्णांना कधी विचारलं होतं? अंधारात बसलेल्या माणसाच्या अंगावर अचानक हात पडला तर तो दचकणारच. त्या भीतीला आम्ही हट्ट म्हणत होतो.

देवळात शिरताना आपण घंटा वाजवतो. तसंच आता त्यांच्या खांद्यावर हात ठेवून क्षणभर थांबायचं. मग त्यांचा हात माझ्या मनगटातल्या रुद्राक्षावर न्यायचा. ही माझी खूण. सुनेची खूण तिच्या बांगड्या. आंघोळीआधी हातात पंचा द्यायचा, जेवणाआधी बोटं ताटावरून फिरवायची. 'हो'ला त्यांनी एकदा हात दाबायचा, 'नाही'ला दोनदा. आणि बोलायचं तर तळहातावर बोटाने लिहायचं. मोठं अक्षर, शिरोरेषा न देता, एका वेळी एकच. चुकलं तर पाटी पुसावी तसा तळवा पुसायचा.

पहिल्यांदा 'अण्णा' एवढंच लिहिलं. त्यांनी हात दाबला. मग हळूच विचारलं, "आज वार कोणता?" मी 'गुरुवार' लिहिलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "किती गुरुवार गेले रे माझे?"

याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं.

भक्तहो, नरसोबाच्या वाडीला, गाणगापूरला आपण पादुकांवर डोकं ठेवतो. तिथे डोळ्यांना रूप दिसत नाही, कानांना शब्द येत नाही. तरी आपली हाक पोचली असं मानतो ना? मग घरातल्या म्हाताऱ्या जीवाबद्दल "त्यांना आता काही कळत नाही" असं आपण कोणत्या तोंडाने म्हणतो?

यंदा मार्गशीर्ष पौर्णिमेला सूर्यास्ताच्या वेळी दत्तजन्म होईल, तेव्हा पाळण्याची दोरी आधी त्यांच्या हाती द्या. सुंठवडा त्यांच्या तळहातावर ठेवा. आणि आज काय आहे, ते त्यांना सांगा.

श्री गुरुदेव दत्त!