दुखणे बिजागरीकडे

आज एका दाराची कथा सांगावयाची आहे. दार महाद्वार नव्हे, आमच्याच घराचे साधे सागवानी कवाड.

आमच्या जालना जिल्ह्यातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरची भिंत हलली की चौकट हलते; त्यात ओल्या हवेने लाकूड फुगले की दार अडलेच. आमचे दार कडीच्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात घासू लागले. मागल्या पावसाळ्यात आम्ही तेथे रंधा मारला. थंडीत लाकूड आकसले अन् बोटभर फट पडली. यंदा आषाढ लागला, दार पुन्हा अडले! जोर लावून लावले की धाडकन आवाज, आणि आवाज झाला की ओसरीवरून आमचा ओरडा: "सूनबाई, दार हळू!" समोर ज्ञानेश्वरी उघडलेली, आणि तोंडी हे!

शेवटी ती म्हणाली, "मामंजी, मागल्या सालीच म्हणाले होते मी. घासतंय कडीकडं, पण दुखणं बिजागरीकडं हाय. नुसतं तासून काय व्हायचं?"

पाहतो तो वरच्या बिजागरीचे स्क्रू भोकात सैल फिरत होते. त्यामुळे दाराची मोकळी बाजू खाली ओथंबलेली. सूनबाईंनी दाराखाली लाकडाची पाचर सारून भार तोलला. काडेपेटीच्या काड्यांची गुले मोडून, सरसात बुडवून त्या भोकांत ठोकल्या आणि सरस वाळल्यावर स्क्रू आवळले. मग खालची बिजागरी चौकटीवरून सोडवून तिच्यामागे जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या घातल्या. खालची बाजू तेवढी बाहेर सरकली आणि पलीकडचा कोपरा वर उचलला गेला. रंध्याला हातही लावावा लागला नाही. आमच्या हाती रंधा होता, म्हणून आम्हांस रंधाच सुचला!

लोकांच्या बोलण्याने व्यथित होऊन ज्ञानोबारायांनी ताटी लावून घेतली, तेव्हा बाहेर उभी राहून विनवणारी मुक्ताई भावंडांत सर्वांत धाकटी. आणि ज्ञानियांच्या राजाने त्या धाकटीचे ऐकले. ताटीच्या अभंगांवर आम्ही किती निरूपणे केली असतील! श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी आणले. आणि आमच्याच घरातले धाकटे माणूस सालभरापूर्वी बोलले, ते आम्ही ऐकूनही घेतले नाही. वर आवाजाचा दोष तिच्याच माथी मारीत राहिलो.

आषाढी एकादशीला पंढरी घडणार नव्हती, म्हणून जालन्यास आनंदी स्वामींच्या पालखीला निघालो. सूनबाईंनी दोन बोटांनी दार ओढले. आवाज नाही. "वर्षभर उगाच बोललो, पोरी. चुकलो," एवढे म्हणावयास आम्ही उंबरठ्याशी बराच वेळ घेतला.

ती म्हणाली, "मामंजी, टाळ घेतले का? चला, पालखी निघंल."