वाटेवरचा विसावा

निवांत बसा. पाठ टेकू द्या. श्वास त्याच्या लयीत येऊ-जाऊ द्या.

सत्तरी ओलांडलेलं, आपल्या मायेचं एक माणूस डोळ्यांसमोर आणा. आई असेल, शेजारचे काका असतील. संध्याकाळ झाली आहे. त्यांच्यासोबत घराबाहेर पडा, त्यांच्याच चालीनं.

फाटकापाशी आलात. फुटपाथ किती उंच आहे? तो चढताना आधाराला काय आहे? घाई करू नका. गुडघ्यावर येणारा भार आपल्याही गुडघ्यात जाणवू द्या.

पुढे चला. थोड्या वेळानं दम लागतो. जवळपास बसायला जागा आहे का? असेल, तर घटकाभर टेकून पुढे जाता येईल. नसेल, तर आजचं फिरणं इथेच संपेल, आणि उद्या कदाचित ते निघणारच नाहीत. हा विचार मनात थोडा वेळ राहू द्या.

आता दादरचं शिवाजी पार्क आठवा. १९२५ साली खुल्या झालेल्या या मैदानाभोवती एक किलोमीटरहून लांब कट्टा आहे. फेरी मारता मारता दमलं की टेकायचं. समोर मुलांचं क्रिकेट, शेजारी रोजची ओळखीची माणसं. दोन शब्द बोलले जातात, कोण आज आलं नाही हे लक्षात येतं. विसाव्याच्या जागी सोबतही मिळते.

कट्ट्यावर बसणं सोपं. उठणं मात्र कठीण. वयाबरोबर मांड्यांतली ताकद ओसरते आणि उठताना हातांनी रेटा द्यावा लागतो. म्हणून बाकाला पाठ हवी, दोन्ही बाजूंना हात हवेत, बैठक साधारण ४५ सेंटिमीटर उंच हवी.

वर पाहा. झाडाची सावली बाकावर पडते का? दिवेलागण झाल्यावर वाट नीट दिसते का? उतारवयात डोळे अंधाराला उशिरा सरावतात. आणि जवळ स्वच्छतागृह आहे का? ते नसेल, तर कितीतरी जणी पाणी न पिताच निघतात.

एक दीर्घ श्वास घ्या. सावकाश सोडा.

उद्या त्या माणसाला खरोखरच सोबत घेऊन निघा. कुठे दम लागतो, कुठे पाय अडखळतो, बाक कुठे हवा, हे त्यांनाच विचारा. ते सांगतील ते लिहून घ्या आणि सोसायटीच्या सभेत मांडा, प्रभाग कार्यालयात अर्ज द्या. बाक बसेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.